ब्रेक सुटण्याचा इतिहास

मोटारीच्या ब्रेकचा इतिहास आजवर थांबण्याच्या बाजूने लिहिला गेला. चारही चाकांना ब्रेक कोणी लावले, तेलाचा दाब कोणी वापरला, गाडी किती फुटांत थांबू लागली, अशा नोंदींनी त्या विषयावरची पुस्तके भरलेली असतात. पन्नास-साठ वर्षांची फियाट, ॲम्बॅसडर किंवा जीप सांभाळणारा माणूस मेस्त्रीकडे येतो तो मात्र पुष्कळदा उलटी तक्रार घेऊन. पाय काढला तरी ब्रेक सुटत नाही. गाडी ओढल्यासारखी चालते, पेट्रोल जास्त जाते, आणि दहा-वीस किलोमीटरनंतर मागच्या चाकाजवळ हात नेला तर धग लागते. गॅरेजमध्ये याला 'ब्रेक धरतोय' किंवा 'चाक जाम होतंय' म्हणतात, आणि बहुधा लायनर, म्हणजे ब्रेकचे घासणारे अस्तर, थोडे घासून गाडी परत दिली जाते. हा बिघाड इतका किरकोळ समजला जावा हे मला पटत नाही. ड्रम ब्रेक घडवणाऱ्यांनी अर्धे शतक आपली सगळी बुद्धी धरण्याच्या कामी लावली आणि सोडण्याचे काम एका स्प्रिंगवर टाकले. नंतरच्या प्रत्येक सुधारणेने धरण्याची ताकद वाढवली आणि न सुटण्याचे एक नवे कारण मागे ठेवले. धरून राहिलेला मागचा ब्रेक तपासताना मेस्त्री नकळत हे थर एकेक करून उकलत असतो. जो ते क्रमाने उकलतो त्याला दोष सापडतो, आणि जो सरसकट सामान बदलतो त्याची गाडी महिन्याभरात पुन्हा दारात येते.

हे दाखवायला विंचूरसारखे गाव सोयीचे आहे. इतिहासात हे नाव सरदार विंचूरकरांमुळे ओळखीचे. त्या घराण्याचे विठ्ठल शिवदेव 1761 च्या पानिपतावर होते. पण इथे मला त्यांच्या पराक्रमापेक्षा गावाच्या रस्त्यांशी कर्तव्य आहे. नाशिकहून निफाडमार्गे येवल्याकडे आणि पुढे छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा रस्ता विंचूरवरून जातो. इथूनच लासलगावचा रस्ता फुटतो, आणि तोच पुढे देवळा, सटाणा करत तापीकाठच्या प्रकाशापर्यंत पोचतो. म्हणून तर त्याला विंचूर-प्रकाशा महामार्ग म्हणतात. लासलगाव बाजार समितीचे उपबाजार आवार विंचूरला असल्याने कांद्याच्या हंगामात इथे ट्रॅक्टर आणि पिकअपची रीघ लागते. नाशिक ते येवला हा सगळा पट्टा गोदावरी खोऱ्यातल्या काळ्या जमिनीचा, जवळजवळ सपाट. घाट लागायचा तर उत्तरेला सातमाळा डोंगर ओलांडताना भावडबारीचा किंवा आग्रा रस्त्यावर राहुडचा, नाहीतर पश्चिमेला खूप दूर कसाऱ्याचा. ब्रेकच्या दृष्टीने हा भूगोल महत्त्वाचा आहे. घाट उतरून आलेल्या गाडीचे ड्रम तापलेलेच असणार, त्यावरून काही कळत नाही. निफाड ते विंचूर सरळ रस्त्याने आलेल्या गाडीचा ड्रम मात्र जेमतेम कोमट असायला हवा. तो तापला असेल, त्यावर शिंपडलेले पाणी चरचरले, तर ब्रेक चालकाने लावलेला नाही, तो आपणहून लागून राहिला आहे. सपाट रस्त्यावरच्या मेस्त्रीला घाटातल्या मेस्त्रीपेक्षा हा दोष आधी दिसतो तो यामुळे. घाटातल्या मेस्त्रीपुढे येते ती न लागणाऱ्या ब्रेकची तक्रार, मैदानातल्या मेस्त्रीपुढे न सुटणाऱ्या ब्रेकची.

मागचे चाक धरते तेव्हा तो दोष आणखी लपतो. पुढचे एक चाक धरले तर स्टिअरिंग लगेच त्या बाजूला ओढते आणि चालकाला हातात कळते. मागच्या चाकाचा ओढा स्टिअरिंगपर्यंत फारसा पोचत नाही. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हा फरक सहज समजेल. जुन्या ट्रॅक्टरला पुढच्या चाकांना ब्रेकच नसतात. मागच्या दोन चाकांना डावे-उजवे असे स्वतंत्र पेडल असते आणि शेताच्या बांधावर वळताना त्यातले एकच दाबतात. कोणता ब्रेक कमी सुटतो हे तिथे पायालाच समजते. मोटारीत ती सोय नाही. दोन्ही मागचे ब्रेक एकाच नळीतून, एकाच पेडलवर चालतात, आणि दोन्ही थोडे थोडे धरत असले तर चालकाला एवढेच वाटते की इंजिन म्हातारे झाले. मग कार्ब्युरेटर उघडला जातो, प्लग बदलले जातात, क्वचित इंजिनच कामाला काढले जाते, आणि खरा दोष तसाच चाकात बसून राहतो.

मोटारीच्या आधी इथे जी वाहने होती त्यांत सुटण्याचा प्रश्न कसा सोडवला होता हे पाहण्यासारखे आहे. बैलगाडीला जिथे ब्रेक असे तिथे तो चाकाच्या लोखंडी धावेवर मागून दाबला जाणारा लाकडी ठोकळा असे. दोरी ओढली की तो लागे, ढिली केली की सुटे, आणि सुटला की नाही हे गाडीवानाला डोळ्यांनी दिसे. लासलगाव स्टेशनवरून जाणाऱ्या आगगाडीची व्यवस्था याच्या नेमकी उलट. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा हा मार्ग 1860 च्या दशकात झाला, आणि थळ घाटात त्याला 37 फुटांना एक फूट असा चढ आहे. अशा उतारावर डबे तुटून मागे घरंगळले तर काय, या भीतीतून रेल्वेने जो व्हॅक्यूम ब्रेक स्वीकारला त्याचे तत्त्व असे की ब्रेक लागलेला असणे ही त्याची मूळ स्थिती. इंजिन नळीतली हवा सतत ओढून घेत राहील तोवरच चाके मोकळी. नळी तुटली, गळली, डबा सुटला की ब्रेक आपोआप लागणार. इथे सोडण्यालाच श्रम पडतात, त्यामुळे रेल्वेने सोडण्याकडे पहिल्यापासून लक्ष दिले. 'ब्रेक बाइंडिंग' हा रेल्वेच्या रोजच्या कामातला शब्द आहे. स्टेशनवरून गाडी धडधडत निघून जाताना पॉइंट्समन आणि स्टेशन मास्तर उभे राहून पाहतात त्यात चाकांतून धूर येतो का, ठिणग्या उडतात का हेही असते. तसे दिसले तर गाडी थांबवून त्या डब्याचा ब्रेक हाताने मोकळा करायचा, हा ठरलेला नियम. आज रस्त्यावरच्या जड ट्रकांनीही तेच तत्त्व घेतले आहे. त्यांचा पार्किंग ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि हवेच्या दाबाने सुटतो. हवा गेली की ट्रक जागचा हलत नाही. मोटार मात्र मधल्या काळात वेगळ्या वाटेने गेली. तिच्यात लावण्याला माणसाचा पाय होता, सोडण्याला स्प्रिंग होती, आणि सुटला की नाही हे पाहायला कोणी नव्हते, कारण सगळे काही ड्रमच्या आत झाकलेले.

ते झाकलेले यंत्र 1902 मध्ये लुई रेनोने पुढे आणले. फिरत्या ड्रमच्या आत दोन अर्धगोल शू, ते बाहेर फाकले की ड्रमच्या आतल्या कडेला घासणार. त्यात एक खुबी आहे. चाकाच्या फिरण्याच्या दिशेने तोंड असलेला शू ड्रमला टेकला की ड्रमच त्याला आपल्याबरोबर ओढून अधिक घट्ट बसवतो. थोड्या जोरात पुष्कळ पकड मिळते ती यामुळे. पण याचाच दुसरा अर्थ असा की हे यंत्र मुळातच पकडीकडे झुकलेले आहे. शू केसभर जरी टेकलेला राहिला तरी ड्रम त्याला मदत करतो. त्याला मागे खेचणारी एकच गोष्ट, रिटर्न स्प्रिंग. त्या काळी पेडलचा जोर चाकापर्यंत लोखंडी सळयांनी किंवा तारेने जाई, आणि इथेच न सुटण्याचे पहिले मोठे कारण आले. मागचा ॲक्सल स्प्रिंगच्या पाट्यांवर खालीवर होतो, सळई मात्र चासीला बांधलेली. गाडी भरली की ॲक्सल आणि चासी यांमधले अंतर बदलते आणि सळई आपोआप ओढली जाऊ शकते. रिकाम्या गाडीवर ब्रेक अगदी बरोबर जुळवलेला असला तरी मागे माल भरला की तो धरू लागे. फोर्डने आपल्या मोटारींना 1939 पर्यंत सळयाच ठेवल्या. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने 1928 मध्ये गाड्या जोडायला सुरुवात केली. त्या पिढीच्या गाड्यांचा जमाना इकडेही सळयांचाच, कारण शेवरोलेला तेलाचे ब्रेक आले ते 1936 मध्ये. आज त्या वयाची गाडी कोणी चालवत असेल तर ब्रेकची तपासणी सीटवर माणसे बसवून करावी. रिकामी गाडी जॅकवर घेऊन केलेली तपासणी तिथे फसवते.

तेलाच्या दाबाने सळईचा हा दोष संपवला. माल्कम लॉकहीडने 1917 च्या सुमारास त्याचे पेटंट घेतले, 1921 मध्ये ड्यूसेनबर्ग गाडीला चारही चाकांना असे ब्रेक आले आणि 1924 मध्ये क्रायस्लरने ते मध्यम किमतीच्या गाडीत आणले. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधला पिस्टन तेल पुढे ढकलतो, ते चाकातल्या व्हील सिलिंडरमध्ये शिरून शू फाकवते. दाब सर्वत्र सारखा, भार वाढला तरी फरक नाही. धरण्याच्या दृष्टीने हा मोठाच पल्ला होता. सोडण्याच्या दृष्टीने मात्र स्प्रिंगच्या अंगावर आणखी एक काम आले. शू मागे खेचताना तिला आता नळीतले तेलही मास्टर सिलिंडरपर्यंत परत ढकलावे लागते. त्या वाटेत जे जे अडेल ते ब्रेकला धरून ठेवेल. सुरुवातीचे ब्रेक ऑईल एरंडेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण असे, कारण पिस्टनपुढच्या नैसर्गिक रबराच्या कपांना एरंडेल सोसते. पण थंडीत ते दाट होते. निफाड तालुक्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा पुष्कळदा पाच अंशांच्या आसपास जातो आणि राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातम्यांत निफाडचे नाव हमखास असते. अशा पहाटे दाट झालेले तेल बारीक नळीतून परत यायला वेळ लावणार हे उघड आहे. पुढे ग्लायकॉलची तेले आली, ती थंडीत पातळ राहतात. पण ती हवेतली वाफ शोषतात. दोन-चार पावसाळ्यांत त्यांत पुरेसे पाणी साठते आणि व्हील सिलिंडरच्या आतल्या भिंतीला गंज धरतो. लोखंडी सिलिंडरमधला पिस्टन बाहेर जाताना तेलाच्या जोराने जातो, परत येताना गंजाच्या कंगोऱ्याला अडकतो. एक अडचण घालवली तिथे दुसरी आली, आणि दुसरीही सोडण्याच्याच बाजूला आली.

याहून वाईट झाले ते चुकीच्या तेलाने. खनिज तेलाचा, म्हणजे इंजिन ऑईलचा, डिझेलचा किंवा रॉकेलचा अंश जरी ब्रेकच्या रबराला लागला तरी ते फुगते. रबरी कप फुगला की सिलिंडरमध्ये दाटतो. मास्टर सिलिंडरमध्ये तर त्याने अनर्थ होतो. तिथे टाचणीच्या अग्राएवढे एक छिद्र असते. पेडल पूर्ण वर आले की कप त्या छिद्राच्या जरासा मागे थांबतो आणि नळीतले तेल टाकीशी जोडले जाते. ब्रेक तापून तेल फुगले तर जास्तीचे तेल त्या वाटेने टाकीत परतते. कप फुगून ते छिद्र झाकले गेले, किंवा पेडलच्या दांड्याला मोकळीकच ठेवली नाही म्हणून कप पुढेच अडून राहिला, तर तेलाला परतीची वाट उरत नाही. ब्रेक थोडा धरतो, त्याने तापतो, तापल्याने तेल फुगते, दाब वाढतो, ब्रेक अधिक धरतो. गाडी रस्त्याकडेला अर्धा तास उभी केली, गार झाली, की पुन्हा मोकळी. म्हणून चालकाला वाटते आपोआप बरे झाले. धुण्यासाठी रॉकेलचा डबा हाताशी असणे ही आपल्याकडच्या गॅरेजची जुनी सवय. लोखंडाला ती चालते. ब्रेकचे रबर स्पिरिटने किंवा ब्रेक ऑईलनेच धुवायचे असते.

स्वातंत्र्यानंतरच्या गाड्यांची नावे आपल्याला घरच्यासारखी. नाशिक जिल्ह्यात रावळगावला साखर कारखाना उभारणाऱ्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली; तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून 1954 पासून फियाट 1100 बाहेर पडू लागली, तिचीच पुढे पद्मिनी झाली. महिंद्रांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस विलिस जीप जोडायला घेतली, आणि नाशिकलाच पुढे त्यांचा कारखाना आला. उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर 1950 च्या दशकाच्या शेवटी आली आणि 2014 पर्यंत निघत राहिली. तिघींच्याही जुन्या गाड्यांना चारही चाकांना तेलाचे ड्रम ब्रेक. देशात ब्रेकचे सुटे भाग मोठ्या प्रमाणावर होऊ लागले ते 1962 मध्ये मद्रासला ब्रेक्स इंडिया निघाल्यानंतर. त्याआधी, आणि परवान्यांच्या काळात त्यानंतरही, गावोगावच्या मेस्त्रीला नवे सिलिंडर मिळण्यापेक्षा जुने होन करून, म्हणजे आतून घासून, वापरणे सोपे होते. ड्रमला चरे पडले की लेथवर घेऊन घासायचे, लायनर झिजले की जुने रिव्हेट काढून नवे ठोकायचे. या काटकसरीने हजारो गाड्या चालत्या ठेवल्या आणि तिचे मोल मी कमी लेखत नाही. पण ड्रम वारंवार घासला की व्यास वाढतो, शूची गोलाई त्याच्याशी जुळेनाशी होते आणि लायनर पूर्ण न टेकता एखाद्या टोकालाच घासतो. सिलिंडर वारंवार होन केला की कप त्यात वाकडा बसतो. त्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि ड्रम उघडून आतली पूड हवेच्या झोताने उडवायची पद्धत सर्रास होती. ती पूड फुप्फुसात घेऊन मेस्त्र्यांच्या पिढ्या काम करत राहिल्या, आणि ब्रेकच्या इतिहासात त्यांची नोंद कुठेच नाही. आजही जुन्या गाडीचा ड्रम उघडताना पूड ओल्या फडक्यानेच पुसावी.

आता तपासणीकडे येतो, कारण माझ्या म्हणण्याचा खरा पुरावा तिथेच आहे. गाडी सपाट रस्त्यावर फिरवून आणावी, म्हणजे ब्रेक धरलेल्या अवस्थेत मिळेल. पुढच्या चाकांना पाचर लावून मागचा भाग जॅकवर घ्यावा, खाली घोड्या द्याव्यात, गिअर काढून हँडब्रेक सोडावा आणि दोन्ही चाके हाताने फिरवून पाहावीत. नुसते घासल्याचा सूं आवाज येत असेल तर चालेल. चाक ढकलल्यावर लगेच थांबत असेल तर ते धरलेले आहे. मग पहिला प्रश्न: तेलाने धरले आहे की लोखंडाने? उत्तर मिळवायला काही बदलावे लागत नाही. त्या चाकाच्या मागे हवा काढायचा निपल असतो, तो पाऊण फेरा सैल करावा. तेलाचा फवारा उडाला आणि चाक त्याच क्षणी मोकळे झाले, तर नळीत दाब कोंडलेला होता. चाकातले सामान निर्दोष आहे. तेल नुसते ठिबकले आणि चाक जसेच्या तसे घट्ट राहिले, तर दोष ड्रमच्या आत आहे किंवा हँडब्रेकच्या तारेत. या एका कृतीने तेलाचा काळ आणि सळयांचा काळ वेगळे होतात.

दाब कोंडलेला निघाला तर दुसरा प्रश्न, तो कुठे कोंडला. निपल बंद करून पेडल दाबून ब्रेक पुन्हा धरू द्यावा. आता मास्टर सिलिंडरमधून निघणाऱ्या नळीचा जोड सैल करावा. तिथे दाब सुटून मागची चाके मोकळी झाली तर दोष मास्टर सिलिंडरचा, आणि तशा वेळी पुढचीही चाके धरलेली असतात. तिथे सैल करूनही मागची चाके सुटली नाहीत, पण चाकाजवळचा निपल सैल करताच सुटली, तर दोष मधल्या रबरी होजचा. फियाट, ॲम्बॅसडर, जीप या तिघींत चासीवरून मागच्या ॲक्सलवर उतरणारा एकच होज असतो आणि पुढे तो दोन चाकांना फुटतो. वर्षानुवर्षांनी त्याचे आतले अस्तर सुटते आणि आत झडपेसारखे लोंबते. पायाचा जोर मोठा, तो तेलाला पलीकडे ढकलतो. स्प्रिंगचा जोर थोडा, तिला ती झडप उघडत नाही. बाहेरून होज धडधाकट दिसतो. मागची दोन्ही चाके धरलेली आणि पुढची दोन्ही मोकळी, असे चित्र दिसले की सर्वांत आधी याच होजवर संशय घ्यावा. एकच चाक धरत असेल तर गंजलेला पिस्टन, ताणून निकामी झालेली स्प्रिंग, शूच्या खुंटीवर चढलेला गंज, किंवा त्या बाजूची हँडब्रेकची तार, एवढ्यातच शोधायचे.

हँडब्रेकच्या बाबतीत जीप वेगळी आहे आणि तिची ही खोड ठाऊक नसली तर शोध भलतीकडे जातो. जुन्या विलिस घडणीच्या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतोच. ट्रान्स्फर केसच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टवर त्याचा स्वतंत्र ड्रम असतो. तो धरला तर मागची दोन्ही चाके जड फिरतात, पण त्यांचे ड्रम गार असतात आणि गाडीच्या पोटाखालचा तो छोटा ड्रम तापतो. ॲम्बॅसडरमध्ये मात्र तार थेट मागच्या शूपर्यंत जाते, आणि चिखलपाण्याने ती आवरणात गंजली की हातातला दांडा खाली येतो, तार येत नाही. गाडीखाली वाकून, कोणी दांडा सोडत असताना तारेकडे पाहिले तर हे दोन मिनिटांत कळते.

यावर अनुभवी मेस्त्री एक आक्षेप घेतील आणि तो वजनदार आहे. ते म्हणतील, एवढे सगळे सांगता, पण दहातल्या बऱ्याच गाड्यांत नवे लायनर ठोकल्यावर कोणीतरी ब्रेक जास्त आवळलेला असतो, बस. ढिला केला की झाले. हे खरे आहे, पण अशा आवळण्याची खूण वेगळी आहे. तो ब्रेक गॅरेजमधून निघतानाच धरतो, आणि लायनर थोडा घासला गेला की बहुधा आपोआप सैल होत जातो. शिवाय ड्रम तापला की तो फुगून शूपासून दूरच जातो; म्हणून निव्वळ आवळलेला ब्रेक गाडी चालत गेली तशी वाढत्या जोराने धरत जावा हे सहसा होत नाही. चालताना जो हळूहळू जास्तच धरतो आणि गार झाल्यावर सुटतो, तिथे तेल कोंडले आहे. नाशिकहून ढिला करून पाठवलेली अशी गाडी निफाडपर्यंत बरी जाते आणि येवल्याच्या अलीकडे पुन्हा तापते. आता पेडल खोल जाऊ लागलेले असते ते वेगळेच, म्हणजे थांबण्याची ताकदही गेली.

दुसरा आक्षेप पैशाचा आणि वेळेचा. सिलिंडर, किट, होज सगळे नवे टाकले तर शोधाशोध कशाला? ज्याला परवडते आणि ज्याच्या गाडीचे भाग मिळतात त्याने खुशाल टाकावेत. पण नवा भाग म्हणजे बरोबर भाग असे नाही. जुन्या गाड्यांसाठी आज जे सिलिंडर मिळतात त्यांत कधी आतली झडप वेगळ्या जोराची असते. ड्रम ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये नळीत थोडा दाब मुद्दाम राखणारी झडप असते, कपांच्या कडा चिकटून राहाव्यात म्हणून. ती गरजेपेक्षा कडक असली किंवा स्प्रिंगा मऊ झालेल्या असल्या तर सगळे नवे असूनही चाके धरतात. पेडलच्या दांड्याची मोकळीक न जुळवता नवा मास्टर सिलिंडर बसवला तर तेच. भाग बदलणाऱ्याला अशा वेळी पुढे काय करावे सुचत नाही, कारण बदलायला काही उरलेले नसते.

तिसरा आक्षेप माझ्या मूळ विधानावरच आहे. ड्रमच वाईट, डिस्क ब्रेक आले आणि प्रश्न संपला, मग याला इतिहासाचा नियम कशाला म्हणायचे? डिस्कने बरेच सोपे केले हे मान्य. पण डिस्कच्या कॅलिपरमध्ये सोडायला स्प्रिंगही नसते. पिस्टनभोवतीच्या रबरी कड्याला पीळ बसतो आणि तो उलगडताना पिस्टन जरासा मागे येतो, तेवढ्यावरच काम. तो पिस्टन गंजला, किंवा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या सुकल्या, की डिस्कही तशीच धरते. ड्रम जाऊन डिस्क आली तरी सोडण्याला मिळालेला जोर कमीच राहिला, आणि न सुटण्याची तक्रार आजच्या गाड्यांतही येते. माझे विधान त्यामुळे ढासळत नाही.

जुन्या गाड्यांना आता कायद्याने वेगळे स्थान मिळाले आहे. केंद्राने जुलै 2021 मध्ये मोटार वाहन नियमांत बदल करून पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांवर गेलेल्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींना 'व्हिंटेज' म्हणून नोंदण्याची सोय केली आणि त्यांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे आली. 'डिलाइट' मॉडेलची फियाट आणि 1970 च्या आतल्या जीपा या वयात बसतात. पण अशी गाडी नेहमीच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच ती बाहेर पडते. हा नियम वाजवी आहे, पण ब्रेकसाठी तो कठीण आहे. पेडल रोज दाबले जाते तेव्हा पिस्टन रोज सरकतो आणि गंजाला जागा मिळत नाही. चार महिने पावसाळ्यात उभी राहिलेली गाडी, तीही हँडब्रेक ओढून, म्हणजे लायनर ड्रमला चिकटण्याची जवळजवळ खात्री. ट्रकवाल्यांची चाकाखाली दगड लावायची रीत अडाणी समजली जाते. उभ्या ठेवलेल्या गाडीच्या बाबतीत तीच रीत शहाणपणाची आहे, कारण ती गाडी धरते आणि ब्रेक मोकळा ठेवते. यावरचा आक्षेप मला मान्य आहे की रस्त्यात सोडून दिलेल्या अशा दगडांनी रात्रीच्या दुचाकीवाल्यांचे जीव घेतले आहेत. म्हणून रस्त्यावर दगड नको, आणि शेडमध्ये लाकडी पाचर हवी, चाकाच्या दोन्ही बाजूंना, हँडब्रेक पूर्ण सोडून. दोन-तीन वर्षांनी ब्रेक ऑईल काढून नवे भरावे, महिन्यातून एकदा पेडल दाबून गाडी हातभर मागेपुढे करावी. रॅलीच्या आधी निफाडपर्यंत ब्रेक शक्य तितका कमी वापरत जाऊन यावे, उतरल्याबरोबर चारही ड्रमजवळ हात न्यावा, आणि मागचे पुढच्यांहून जास्त गरम लागले तर निपलपासून सुरुवात करावी.